नऊ साखळ्या तीन आणे

जबल अलीच्या कॅम्पात हजारावर माणसं राहत होती आणि प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर त्याचा हुद्दा छापलेला होता. मेसन, फिटर, ड्रायव्हर, हेल्पर. महादूच्या कार्डावर होतं, चेनमन, म्हणजे जमिनीच्या मोजणीत साखळी धरणारा. तसे चेनमन कंपनीत चौदा होते. पण ज्याच्या घरची खरोखरीची साखळी आहे असा चेनमन त्या मुलखात बहुधा एकच असावा, आणि गंमत म्हणजे तो ती कामावर कधी नेत नसे. नेऊन करणार काय? साखळीचं काम यंत्राने केव्हाच खाऊन टाकलं होतं, हुद्दा तेवढा मागे राहिला होता. गुणवंतसाहेबांनी तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावायचा आणि समोर दोनशे मीटरवर महादूने काच बसवलेली काठी सरळ धरून उभं राहायचं. यंत्र किरण सोडी, किरण काचेवर आपटून परत जाई आणि आकडा दिसे. अठरा वर्षं महादू असा उभा राहिला. पुढे जिथे मरीनाचे टॉवर आले तिथल्या वाळूतही उभा राहिला. आज खुंटी ठोकावी आणि उद्या वाऱ्याने ती गडप करावी, असे ते दिवस.

किरण मात्र त्याला कधी पटला नाही.

"साहेब, तो गेला कधी नि आला कधी, कोणी बघितला?" तो म्हणे. "साखळी कशी, डोळ्यांना दिसते. खोटं बोलायची झाली तरी सगळ्यांच्या समोर बोलेल."

ही साखळी कॅम्पात त्याच्या खाटेखाली, पिठाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली असे. तेहतीस फूट लांब, लोखंडी कड्यांची, दोन्ही टोकांना पितळी मुठी. एका साखळीचे सोळा आणे, आणि कुठे किती आणे झाले ते कळावं म्हणून मध्ये मध्ये पितळी लोलक. एका मुठीवर मुकुट कोरलेला आणि खाली लंडनच्या कुठल्याशा कारखानदाराची झिजलेली अक्षरं. महादूचा पणजा ही साखळी ओढत तालुका फिरला, मग आजा, मग बाप. सरकारी कचेरीने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा बापाच्या निवृत्तीला शाल-नारळ द्यायचे राहून गेले होते, म्हणून साहेबाने साखळीच हातात ठेवली. तेव्हापासून धोपटवाडीत भावाभावांत वाटणी झाली, कुणाचं कुंपण कुणाच्या अंगणात शिरलं, की लोक कचेरीत जाण्याआधी महादूच्या पडवीत येत.

मग ती दुबईला कशी आली? तर म्हशीमुळे. एकदा महादू दोन वर्षांनी रजेवर गावी गेला आणि बघतो तर तानुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, साखळीने म्हैस बांधलेली. म्हैसही अशीतशी नव्हती. खुंटा उपटून, साखळी मागे फरफटवत ती आठवडाभर वाडीत हिंडली होती आणि सगळ्यांच्या परसांची तिने एकटीने मोजणी उरकली होती. महादूने पोलादी टेप लावून बघितला. साखळी दीड इंचाने लांबली होती. तो तानुबाईशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, कारण चहा मिळेना. पण परतताना साखळी पोत्यात घालून सोबत घेतली.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने पोतं उघडून साखळी ओढायला सुरुवात केली. ओढतोय, ओढतोय, संपेचना. शेवटी त्याने विचारलं, "कोणाला बांधायला चाललायस?"

"जमिनीला," महादूने खरं ते सांगितलं.

कस्टमवाल्याने साखळी स्वतःच पोत्यात भरून दिली.

आता एकोणीसशे नव्याण्णव साल उजाडलं होतं. महादूची साठी भरत आली होती आणि एप्रिलमध्ये कंपनी त्याला कायमचा घरी पाठवणार होती. व्हिसा खलास, नोकरी खलास. त्याचं त्याला दुःख नव्हतं. धोपटवाडीत एक मोठं काम वाट बघत होतं. शेजारच्या दोघा गुरव भावांमध्ये बांधावरच्या फणसावरून चार वर्षं अबोला होता. थोरला म्हणे झाड माझ्यात, धाकटा म्हणे माझ्यात, आणि चार वर्षं फणस झाडाखाली पडून कुजत होते. त्या वासाने वाडी हैराण. तालुक्याहून यंत्रवाले येऊन मोजून गेले, पण त्यांचा आकडा दोघांनीही मानला नाही. चार वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. महादूची साखळी काय ती सांगेल, असं दोघे वेगवेगळे येऊन तानुबाईला सांगून गेले होते.

तानुबाई दर पंधरवड्याला गावातल्या दुकानातून फोनवर बोले. दुकानात चार माणसं ऐकत असत, म्हणून ती चौघांना ऐकू जाईल असंच बोले. "फणस पिकायच्या आत या नि साखळी घेऊन या. विसरून आलात तर लोक म्हणतील दुबईला विकून खाल्लीन. मग मला काय तोंड दाखवायची सोय राहणार नाय."

"आणतो," महादू म्हणाला.

आणि नेमकी त्याच महिन्यात साखळी हातातून गेली.

झालं असं, की गुणवंतसाहेबांचं बिऱ्हाड अल कुसैसला होतं. साहेब पुण्याचे, सर्व्हेयर. बायको अनुराधावहिनी एका ऑफिसात अकाउंट्सला, आणि अकरा वर्षांची एकुलती मुलगी आभा. साइटवर साहेब कितीही ओरडले तरी घरी महादू हा महादूकाकाच होता, आणि महिन्यातून एका शुक्रवारी दुपारी जेवायला त्यांच्याकडे जायचं हे ठरलेलं. त्या शुक्रवारी गेला तर घरात धुसफूस चालली होती. आभाची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. इतिहासात धडा चालू होता की देश पसरतात कसे. अमेरिका पश्चिमेकडे कशी सरकत गेली, इंग्रज समुद्रापार कसे गेले. आणि प्रत्येक मुलाने त्या काळची एक जुनी वस्तू घरातून आणून तिच्यावर बोलायचं होतं. शहनाझ मिसचं म्हणणं, पुस्तक काय कोणीही पाठ करेल, वस्तूला प्रश्न विचारा.

"घरात जुनी वस्तू म्हणजे काय आहे?" वहिनी म्हणाल्या. "सगळं इथे आल्यावर सेलमध्ये घेतलेलं. जुनी अशी एकच, तुझ्या बाबांची बॅचलर असतानाची बनियन. ती ने."

"मम्मा, बी सीरियस," आभा म्हणाली. तिच्या पुढ्यात पुस्तक उघडं होतं. पानभर चित्र. गवताचं रान, टोप्या घातलेली चार माणसं, आणि दोघांच्या हातात ताणून धरलेली साखळी. महादू आमटीचा हात धुऊन आला आणि चित्र बघून खालीच बसला.

"ही आमच्या घरची," तो म्हणाला.

साहेब हसले. पण हसता हसता थांबले. त्यांनी कागद घेतला, पेन्सिल घेतली. अमेरिकन साखळी सहासष्ट फुटांची, महादूची बरोब्बर तिच्या निम्मी. त्यांचा एकर आणि आपला चाळीस गुंठ्यांचा एकर, एकच. "अरे, एकाच गावचं माप हे," साहेब म्हणाले. "एक साखळी तिकडे पश्चिमेला गेली, दुसरी बोटीत बसून आपल्याकडे आली." वीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या माणसाला हे आज, पोरीच्या पुस्तकातून कळत होतं. त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

"काका, कॅन आय बॉरो इट? प्लीज? ओन्ली वन डे," आभा म्हणाली.

महादूने "वन डे" एवढं नीट ऐकून घेतलं आणि हो म्हणाला. मात्र साखळी एकटी जाणार नाही, आपणही सोबत येणार, अशी अट घातली. साखळी आजवर धोपटवाडीत कोणाच्याही अंगणात एकटी गेलेली नव्हती.

सोमवारी साहेबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि कंपनीच्या पिकअपमधून साखळीला आणि महादूला घेऊन शाळेत आले. कोणी आजोबांचं घड्याळ आणलं होतं, कोणी तिकिटांचा अल्बम, एकाने तर तलवार आणली होती, जी नंतर प्लास्टिकची निघाली. आभाने साखळी वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडली, तिथून वळवून अर्ध्यावर परत आणली, तरी थोडी उरली. आभा इंग्रजीत बोलली आणि छान बोलली. मग शहनाझ मिसनी महादूलाच पुढे बोलावलं. त्या हैदराबादच्या. त्यांची हिंदी आणि महादूची हिंदी यांची तोंडओळख नव्हती, पण दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं.

महादूने पणज्याची गोष्ट सांगितली. गावात पहिल्यांदा घोड्यावरून गोरा साहेब आला, मागून बैलगाडीत ही साखळी. लोकांना वाटलं, एवढी लांब साखळी म्हणजे सगळं गाव एकदम बांधून नेणार. बायकांनी पोरं घरात घेतली, दारं लावली. पणजा दांडका घेऊन बघायला गेला की हे आहे तरी काय. साहेबाला वाटलं हा कामासाठी आलाय. त्याने साखळीचं टोक पणज्याच्या हातात दिलं आणि खुणेने म्हणाला, धर. पणज्याने दांडका खाली ठेवला आणि धरलं. ते टोक आमच्या घराण्याने शंभर वर्षं सोडलं नाही, महादू म्हणाला. सगळा आठवडा साखळी फिरली. जमीन होती तिथेच होती, नांगरणारे होते तेच होते. पण आठवड्याने कागद आले आणि लोकांना कळलं की आपण कुठे राहतो ते आता साहेबाला विचारायचं.

एका मुलाने हात वर केला. त्या लोकांना आधी विचारलं होतं का?

महादूने विचार केला. "बुलाया था," तो म्हणाला. "पूछा नहीं था."

शहनाझ मिसनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मग पुस्तकातलं चित्र दाखवून म्हणाल्या की अमेरिकेत तर त्या रानात आधीपासून राहणाऱ्या लोकांना बोलावलंदेखील नव्हतं. साखळी आली, चौकोन आखले, चौकोन वाटून टाकले. हे ऐकून मात्र महादू हादरला. बाकी राज्यं येतात, राज्यं जातात, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण शेजाऱ्याला बोलावल्याशिवाय मोजणी? चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी कळवायचं, ते येऊन उभे राहणार, त्यांच्या समक्ष साखळी पडणार, शेवटी पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या होणार. बापाने त्याला शिकवलेलं हे पहिलं अक्षर.

"फिर वो मोजणी रद्द," तो मिसना म्हणाला. "सब वापस करना पडेगा."

वर्ग टाळ्या वाजवत असतानाच प्रिन्सिपॉल आत आले. उंच, गोरे, इंग्लंडचे, आणि काचेच्या कपाटांचा भारी शौक. शाळेच्या दारातच त्यांनी एक कपाट मांडलं होतं. त्यात जुना कॉफीचा दल्ला, म्हणजे चोचीची अरबी किटली, मोती काढणाऱ्यांच्या नाकातला चिमटा, जहाजाचा कंदील. त्यांनी साखळीवरचा मुकुट बघितला, लंडनची अक्षरं बघितली आणि त्यांचे डोळे पाणावले. महादूचे दोन्ही हात हातात घेतले. पाच मिनिटांत एक कागद टाइप होऊन आला, महादूपुढे ठेवला गेला.

आता मोजणीतल्या माणसाची सवय ही, की काम संपलं आणि कागद पुढे आला की सही करायची. महादूने म. हा., धोपटवाडी अशी मोडीच्या वळणाची ऐटदार सही ठोकली. त्याला वाटलं पंचनामा आहे. साहेब तेव्हा आभाचा फोटो काढत होते. बदल्यात महादूला सोनेरी कडेचं एक सर्टिफिकेट मिळालं. ती त्याला पोचपावती वाटली, आणि पावती हातात आहे म्हणून शुक्रवारपर्यंत साखळी शाळेत सोडायला तो तयार झाला.

पुढच्या शुक्रवारी तो अल कुसैसला साखळी न्यायला आला आणि पावती पुढे केली. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"काका, तुम्ही साखळी शाळेला भेट दिलीत. कायमची."

"मी?"

"सही आहे तुमची."

वहिनींनी कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तिथेच होतात ना? ते सही करत असताना तुम्ही काय छत मोजत होतात?"

साहेब प्रिन्सिपॉलना जाऊन भेटले. प्रिन्सिपॉल फार गोड बोलले. म्हणाले, अशी वस्तू खेड्यात गंजून जाईल, कोणी तिला जनावर बांधेल. यावर साहेबांना मान डोलवावी लागली, कारण म्हशीची गोष्ट त्यांना माहीत होती. इथे ती सुरक्षित राहील, मुलं शिकतील, म्हाताऱ्याचं नाव पितळी पाटीवर लागेल. शिवाय आभाला त्याच शाळेत अजून सात वर्षं काढायची होती. साहेब पाटीचं स्पेलिंग तपासून देऊन परत आले.

"असं करू," ते महादूला म्हणाले. "देऱ्याला हार्डवेअरच्या दुकानात बारा दिरहमला साखळी मिळते. म्हणजे एकशे चाळीस रुपये. ती न्या. गावात कोणाला कळणार आहे?"

महादू आमटी अर्धी टाकून उठला. अठरा वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. वहिनींनी साहेबांना पुढचे दोन दिवस आमटी वाढलीच नाही.

त्या आठवड्यात तानुबाईचा फोन आला. फणसांना यंदा लगडून फळ धरलंय, थोरल्या गुरवाने मोजणीसाठी खुंट्यासुद्धा तासून ठेवल्यात, धाकट्याने वेगळ्या तासून ठेवल्यात. "साखळी पोत्यात नीट बांधून घेतलीत ना?" तिने विचारलं. महादू म्हणाला, काचेत ठेवलीय. तिला ते फार आवडलं. दुकानातल्या चौघांनाही आवडलं. त्याला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग शाळेतून निरोप आला. गुरुवारी शाळेत म्युझियम डे, सगळे पालक येणार. साखळीने जमीन कशी मोजत असत ते महादूने मैदानावर करून दाखवावं, अशी प्रिन्सिपॉलची इच्छा. महादूने लगेच होकार दिला. निदान एकदा तरी साखळी हातात येईल, आणि तेव्हा सगळ्यांसमोर तोंडाने मागून घेईन, एवढाच त्याचा बेत. बाकी डाव, पेच त्याच्या डोक्यात काही नव्हतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते बघून साहेबसुद्धा त्याला पाताळयंत्री म्हणायला लागले.

तो आदल्या दिवशीच शाळेत गेला. दारात काचेत शाळेच्या जागेचा नकाशा लावलेला होता. नकाशाशिवाय मोजणी कशी होणार? त्याने पूर्व-पश्चिम बाजूचा आकडा तळहातावर उतरवून घेतला, साडेनव्वद मीटर, आणि साहेबांना विचारला. साहेबांनी फूट करून सांगितले. महादू खूश झाला. "साहेब, ही नेमकी नऊ साखळ्या जागा."

मग तो शेजाऱ्यांना कळवायला निघाला. पूर्वेला रस्ता, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला वाळू. वाळूला काय कळवणार? पश्चिमेला मात्र गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं यार्ड होतं, आणि दारात खुर्ची टाकून यार्डाचा कारभार बघत बसला होता यूनुस. श्रीवर्धनचा. आपल्या बाजूची बोली कानावर पडताच त्याने दुसरी खुर्ची मागवली. महादूने रीतसर सांगितलं की उद्या सकाळी दहाला शाळेच्या जागेची मोजणी आहे, लगतदार म्हणून हजर राहा.

"लगतदार," यूनुस म्हणाला. "वीस वर्षांत कोणी या नावाने हाक मारली नव्हती बघ. येतो. आमच्याकडे बापूस आजारी असताना खाटेसकट मोजणीला नेला होता."

गुरुवारी मैदानावर दोनशे पालक, ज्यूस, फुगे. महादू डोक्याला पांढरा रुमाल बांधून उभा राहिला. प्रिन्सिपॉलनी स्वतः कपाटाचं कुलूप काढून साखळी त्याच्या हातात दिली. यूनुस धुतलेली पँट घालून आला होता. त्याने दुसरी मूठ धरली. पूर्वेच्या फाटकापाशी काँक्रीटमध्ये पालिकेची हद्दीची लोखंडी खूण होती, महादूने तिला हात लावून नमस्कार केला आणि पहिली साखळी पाडली.

मुलं मोजत होती. वन. टू. यूनुस पुढे, महादू मागे, प्रत्येक साखळीला खुंटी. सेव्हन, एट, नाइन. नवव्या खुंटीला टाळ्या वाजल्या. प्रिन्सिपॉल भाषणाला पुढे झाले.

महादू मात्र खुंटीकडे बघत उभा होता. नऊ साखळ्या संपल्या होत्या, भिंत अजून आली नव्हती. त्याने आणखी साखळी ओढली आणि लोलक बघितला. "तीन आणे," तो म्हणाला.

यूनुस वाकला. "तीन?"

"तीन. सहा फुटांच्या वर."

यूनुस सरळ उभा राहिला. त्याने भिंतीकडे बघितलं, मग भिंतीपलीकडे, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं. "चार वर्षं," तो म्हणाला, "चार वर्षं मी विचार करतोय, ही भिंत झाल्यापासून ट्रेलर का वळत नाय. ड्रायव्हर बदलले मी. दोन ड्रायव्हर बदलले."

काय चाललंय ते प्रिन्सिपॉलनी साहेबांना विचारलं. साहेबांना सांगावं लागलं. प्रिन्सिपॉल हसले आणि म्हणाले की साखळी फार जुनी आहे, नक्कीच लांबली असणार. साहेबांनी ते महादूला मराठीत सांगितलं.

"लांबलीय तर," महादू म्हणाला. "म्हशीने दीड इंच लांबवलीय. पण साहेब, लांबलेली साखळी जागा कमी दाखवते, जास्त नाय. म्हणजे खरं तीन आण्यांहून थोडं जास्तीच आहे."

साहेबांनी मनात हिशेब केला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे अगदी बरोबर आहे, आणि आता हेच इंग्रजीत म्हशीसकट सांगायचं आहे. त्यांनी सांगितलं. पालकांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात आभाच्या वर्गातला तो हात वर करणारा मुलगा मोठ्याने म्हणाला, "मिस, विच साइड इज दॅट? वेस्ट?"

शहनाझ मिस आभाळाकडे बघू लागल्या. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. "येस," त्या म्हणाल्या, "दॅट इज वेस्ट."

मग जे हसू फुटलं ते प्रिन्सिपॉलना आवरता येईना. इकडे महादू शांतपणे मैदानात मांडी घालून बसला होता आणि यूनुसच्या डिलिव्हरीच्या वहीत पंचनामा लिहीत होता. खाली स्वतःची सही केली, यूनुसची घेतली, आणि वही प्रिन्सिपॉलपुढे धरली.

प्रिन्सिपॉल म्हणाले, हे कुठल्या भाषेत आहे? मला वाचता येत नाही त्यावर मी सही कशी करणार?

साहेबांनी भाषांतर केलं. महादूला खरंच आश्चर्य वाटलं.

"मी केली होती की," तो म्हणाला.

हे वाक्य साहेबांनी इंग्रजीत केलं तेव्हा त्यांचा आवाज जरा चढलाच. सात वर्षं काढायचीत हे त्या क्षणी ते विसरले असावेत. वहिनी मागच्या रांगेतून नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्या दिवशी घरी आमटी झाली.

साखळी शनिवारी सकाळी शाळेच्या ड्रायव्हरने कॅम्पात आणून पोचवली. सोबत भेटीचा तो कागद, मधोमध फाडलेला, आणि एक पत्र, की कपाटात जागा अपुरी असल्यामुळे शाळा ही मौल्यवान वस्तू साभार परत करत आहे. साहेबांचं मत, त्यांना भीती पडली असणार की हा माणूस आता उत्तर-दक्षिण मोजायला येईल. पितळी पाटी तेवढी शाळेतच राहिली, तिच्यामागे कॉफीचा दल्ला ठेवला गेला. शहनाझ मिसनी पंचनाम्याची झेरॉक्स वर्गात लावली. आभाला ए मिळाला. भिंत उन्हाळ्याच्या सुट्टीत मागे आली, असं यूनुसने नंतर पत्राने कळवलं. ट्रेलर एका दमात वळतो, पहिला ड्रायव्हर मात्र काही परत येत नाही.

एप्रिलच्या शेवटाला महादू धोपटवाडीला पोचला. पोतं डोक्यावर घेऊन तानुबाई वाडीभर मिरवली. तिसऱ्या दिवशी गुरवांची मोजणी. दोघे भाऊ आपापल्या खुंट्या घेऊन, एकमेकांकडे पाठ करून उभे. शेजारी बोलावले गेले, पश्चिमेचा शेजारी म्हणून महादू स्वतःच हजर होता. पूर्वेच्या हद्दीच्या दगडापासून साखळी पडत गेली. फणस थोरल्याचा निघाला. धाकट्याचं तोंड उतरलं, पण त्याने मान्य केलं. साखळी डोळ्यांना दिसत होती.

महादूने उरलेली जागा मोजायला घेतली आणि मध्येच थांबला. धाकट्याची जागा कागदापेक्षा कमी भरत होती. शेवटची खुंटी महादूच्या स्वतःच्या गोठ्यात पडत होती, म्हशीच्या बरोबर पोटाखाली. तो गोठा तानुबाईने चार वर्षांपूर्वी, तो दुबईला असताना, नव्याने बांधून घेतला होता. तिला तेव्हा जरा ऐसपैस हवा होता.

"किती?" थोरल्या गुरवाने विचारलं.

महादूने लोलक दोनदा बघितला. "तीन आणे," तो म्हणाला.

गुरव भावांनी चार वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. "बघितलंस?" थोरला म्हणाला. "बघितलं," धाकटा म्हणाला. आणि दोघे एकदमच तानुबाईकडे वळले.

महादूने पंचनामा लिहिला आणि लगतदार म्हणून खाली पहिली सही आपलीच केली. मग वही बायकोपुढे धरली. तानुबाईने वहीकडे बघितलं नाही, ती गोठ्यात पडलेल्या साखळीकडे बघत होती.

"म्हशीला बांधायला बरी होती ती," ती म्हणाली.